सहा शुक्रवार

कैरो, ९ ऑक्टोबर २०२२

रऊफ,

'प्रिय' लिहीत नाही. आई गेल्यापासूनच्या तेरा वर्षांत तुझी ईदला जी दोन-दोन ओळींची कार्डं आली, त्यांत मीही कुठे प्रिय नव्हते. काम आहे म्हणून लिहिते आहे. फोनवर बोलणार नाही. मठाच्या शाळेत मदर क्लोतील सांगायच्या, जे बोलताना आवाज चढेल ते लिहून काढावं. माझा आवाज चढणार आहे.

गेल्या सोमवारी बदावीचा फोन आला. आपल्या कबरींची राखण करणारा तोच बदावी, ज्याच्या बापानं आजोबांना खाली कबरीत उतरवलं होतं. आता सत्तरीचा आहे. मला जुन्या पद्धतीनं 'हानिम', म्हणजे बाईसाहेब, म्हणणारा कैरोत हा एकटाच उरलाय.

म्हणाला, "हानिम, आपल्या आवाराच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले."

"कोण?"

"रस्तावाले."

"आणि तू काय करत होतास?"

"मी काय करणार? चहा दिला."

तर नवा रस्ता होतो आहे, सहा पदरी, आणि तो बरोबर आपल्या आवारातून जातो. मेलेल्यांना शहराबाहेर वाळवंटात हलवायचं. दीड तासाची वाट. तिथे अजून पाणी नाही, सावली नाही. तू पूल बांधणारा माणूस, तुला यात वावगं दिसणार नाही. नकाशावर रेघ सरळ गेली की तुझं समाधान होतं.

आता काम. ज्याच्या नावावर कबरींचा परवाना आहे त्याला नव्या ठिकाणी कुटुंबापुरती स्वतंत्र जागा मिळते. परवाना तुझ्या नावावर आहे. तू देश सोडण्याच्या दोन वर्षं आधी बाबांनी तो तुझ्या नावावर केला, कारण मुलगी लग्न होऊन दुसऱ्यांच्या कबरस्तानात जाते. मी कुणाच्याच गेले नाही, पण ते कागदाला कोण सांगणार? ज्यानं तीस वर्षं ताज्या खजुराच्या झावळ्या वाहिल्या त्याची सही चालत नाही. ज्यानं तेवढ्या वर्षांत दारातून आत पाऊल टाकलं नाही त्याची लागते.

माँट्रियलच्या वकिलातीत जा, माझ्या नावे मुखत्यारपत्र कर, शिक्का घे आणि पाठव. जानेवारी संपण्याआधी ते कचेरीत पोचलं पाहिजे. नाहीतर आजोबा, काका, बाबा, आजी, आई सगळे सामाईक तळघरात जातील. पिशवीवर नंबर, आणि शेजारी कोण कुठला. आईला अनोळखी लोकांत चहा प्यायला आवडायचं नाही, तुला आठवत असेल.

अर्जासोबत बाबांच्या संगमरवरी पाटीचा फोटो लागतो, तो जोडला आहे. बदावीला फोटो काढता येत नाही. खालच्या अर्ध्या भागावर झावळी आडवी आली आहे. चालेल म्हणाले.

जुन्या गोष्टी उकरत नाही. बाबा तासाभरात गेले, तुला तेव्हा कळवायचं नाही हे आईनं ठरवलं, आणि तू जिवंत आईवर जो राग धरलास तो मेलेल्या आईवरही धरून ठेवलास. तो तुझा प्रश्न. मला फक्त कागद हवा आहे.

इनायत


कैरो, २० नोव्हेंबर २०२२

रऊफ,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. सख्ख्या बहिणीला! पाणीपट्टीची नोटीससुद्धा हल्ली आमच्याकडे हातानं लिहून येते.

पाच ओळी. मला पाठ झाल्या आहेत. "इनायत, झालं ते झालं. आपण पुढचं बघायला हवं. शहर वाढतं तेव्हा रस्ते लागतातच. नवी जागा प्रशस्त असेल. कागद पाठवतो." खाली नाव, तेही टाइप केलेलं.

पुढचं बघायला हवं! हेच वाक्य तू विमानतळावर आईला ऐकवलं होतंस. हेच तुझ्या लग्नात हुसेनमामांना. मला वाटलं होतं, सहासष्टाव्या वर्षी माणसाला दुसरं एखादं वाक्य सुचत असेल.

गेल्या आठवड्यात कचेरीत गेले होते. लिफ्ट बंद, चार मजले. तिथले अधिकारी उस्ताद लबीब, वय चाळीस असेल, टेबलावर बायकोचा फोटो आणि खारवलेल्या टरबुजाच्या बियांची पुडी. मला म्हणतात, "मॅडम, तुमच्यासारखे शिकलेले लोक मागे वळून बघत बसले तर देशानं पुढे जायचं कसं?"

मी म्हटलं, "जाऊ दे की देशाला पुढे. माझ्या बापाच्या छातीवरूनच जायला हवा का?"

"वडिलांना नवी छान जागा मिळतेय."

"तुमचे वडील कुठे आहेत?"

"घरी. मजेत आहेत."

"मग त्यांना न्या त्या छान जागेत, राहून बघू देत दोन दिवस. आवडलं तर माझे पाठवते."

आजूबाजूचे हसले, तेही हसले. मग टरबुजाच्या बिया माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, मी नाही हो ठरवत हे. भाऊ कुठे आहेत? त्यांचा कागद आणा, मी त्याच दिवशी काम करतो." माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला बरं पडलं असतं.

खाली उतरताना माझ्या लक्षात आलं की या इमारतीत ज्याच्यावर ओरडावं असा एकही माणूस नाही. चाळीस वर्षं मी मुलींना फ्रेंच शिकवलं. वर्गात गोंधळ झाला तर कुणाला उभं करायचं हे मला कळायचं. इथे कुणाला उभं करू?

कागद पाठवतो म्हणालास. कधी? तारीख लिही. हातानं लिही.

इनायत


कैरो, १८ डिसेंबर २०२२

रऊफ,

परवा तू फोन केलास तो कशासाठी?

बारा-तेरा वर्षांनी आवाज ऐकला तुझा. दुपारी मी फुलांच्या कुंड्यांना पाणी घालत होते. हातात तांब्या घेऊनच फोन उचलला. "नुना," म्हणालास. या नावानं हाक मारणारं आता जगात कुणी नाही. मी खाली बसले. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल.

आणि तू विचारलंस, "आवारातल्या तुतीला फळ आलं का गं?"

तुती एक्याऐंशी साली तोडली, रऊफ. तू स्वतः कुऱ्हाड धरली होतीस. मुळं आजीच्या बाजूच्या भिंतीत शिरत होती आणि तू तेव्हाच मोठा इंजिनिअर झाला होतास. मी काही बोलायच्या आत मागे माजदाचा आवाज आला, "कुणाला लावलास फोन?" आणि बंद.

मी भिंतीवरच्या लाल फुलीबद्दल लिहिते आणि तू तुतीची चौकशी करतोस! मी मागे बघत बसणारी खुळी म्हातारी, म्हणून माझी टर उडवायची असेल तर समोर येऊन उडव. तिथून फोन करून बायकोला हसवू नकोस.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मात्र खरंच आठवलं. ईदचा नवा पांढरा शर्ट, खिसे तुतीनं भरलेले, आणि आई मला ओरडतेय, "तू मोठी ना? तुझं लक्ष कुठे होतं?" शर्ट तुझा, फटका मला.

कागद अजून आलेला नाही.

इनायत


कैरो, २२ जानेवारी २०२३

रऊफ,

आता कचेरीनं बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागितली आहे. त्यावर परवानाधारकानं सही करून परत पाठवायची. म्हणजे ती प्रत तुझ्या हातात पडणार. पाकीट तीनदा बंद केलं आणि तीनदा उघडलं. शेवटी ठरवलं, तू कागदावर वाचण्याआधी मीच सांगावं.

फोटोतली झावळी मी ठेवली होती. बदावी फोटो चांगला काढतो.

तिच्याखाली तारीख आहे. ११ जून १९९४. तुला मी २ जून सांगितली होती.

दोन तारखेला, गुरुवारी, ते न्हाणीघरात पडले. एवढं खरं. तासाभरात गेले नाहीत. नऊ दिवस होते. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, पण कान शाबूत होते. आणि फोन, तुला आठवतोय ना, त्यांच्या पलंगाच्या भिंतीपलीकडेच होता.

तू दर शुक्रवारी करायचास. तुझी ती परवान्याची परीक्षा नऊ जुलैला होती. ती पास झालास तरच तू तिथे इंजिनिअर, नाहीतर टॅक्सी चालवत राहणार होतास. सहा शुक्रवार तू विचारलंस, "बाबांना दे," आणि सहा शुक्रवार मी म्हटलं, "बाबा झोपलेत." परीक्षा झाल्यावर मी खरं सांगितलं तेव्हा तू ओरडला नाहीस, रडलाही नाहीस. एवढंच विचारलंस, "सहापैकी कितव्या शुक्रवारपासून?" मी म्हटलं, "पहिल्यापासून." मला वाटलं, सगळंच खोटं ठरलं तर तुला सोपं जाईल. करण्यासारखं काही नव्हतंच, असं वाटेल.

पहिले दोन शुक्रवार ते होते, रऊफ. ते दोन शुक्रवार मी खोटं बोलले नव्हते. ते खरंच झोपले होते, किंवा डोळे मिटून होते. घंटी वाजली की त्यांचा डावा हात उचलला जायचा.

आई म्हणत होती, "कळव त्याला, येऊ दे." ती दोन्ही शुक्रवार म्हणाली. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, परदेशातल्या माणसाला अर्धवट बातमी देऊन त्याचं वाटोळं करायचं नसतं, त्याच्या पुढच्या आयुष्याचा विचार कर. तू मला आता पुढचं बघायला शिकवतोस! तुझं पुढचं मी बघितलं होतं.

आणखी एक सांगते, मग थांबते. तुझ्या परीक्षेसाठी केलं असं मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली. तिसऱ्या शुक्रवारी घरात काळ्या कपड्यांतल्या वीस बायका बसल्या होत्या. फोन वाजला, मी उचलला, आणि मी बोलायच्या आत सगळ्या एकदम गप्प झाल्या, कुराण लावलं होतं ते कुणीतरी बंद केलं. मी म्हटलं, "बाबा झोपलेत," आणि हुसेनमामांच्या बायकोनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "धीराची पोर," म्हणाल्या. आपल्याकडे असंच करतात म्हणून ते चांगलं ठरलं.

पण पहिल्या दोन शुक्रवारी कौतुक करायला कुणी नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं की हा आला तर बाबा याचेच होतील. पंचेचाळीस वर्षांची होते मी. त्यांना भरवणारी, पुसणारी, कूस बदलणारी मी, आणि ते डाव्या हातानं हवेत तुझं नाव लिहायचे. ते नऊ दिवस तरी मला हवे होते. मी त्यांना सांगितलं, "रऊफ विमानात बसलाय." रोज सांगितलं. नऊ दिवसांचा विमानप्रवास. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही.

आता राग धर. पण माझ्यावर धर, आईवर नको. आणि दाखल्यावर सही करून पाठव. आठ दिवस उरले आहेत.

इनायत


कैरो, १६ फेब्रुवारी २०२३

रऊफ,

तू उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे. माझी शिक्षा मला द्यायचीस. ती त्या पाच जणांना का दिलीस?

मुदत संपली. उस्ताद लबीबांनी स्वतःच्या जोरावर दहा दिवस वाढवून दिले. तेही संपले. काल हलवलं.

माझ्या रुखवताच्या चादरी नेल्या होत्या. मठात नन्सनी कोपऱ्यांवर माझ्या नावाची आद्याक्षरं भरून घेतली होती, सहा चादरी, पन्नास वर्षं कपाटात लव्हेंडरच्या पिशव्यांसोबत. एकही वापरली नाही. बदावी म्हणाला, "हानिम, साधं कापड चाललं असतं." मी म्हटलं, "साधं कापड माझ्याकडे नाही."

आधी बायकांचं दालन. आजी, मग आई. आईच्या वेळी मी वर पायरीवरच बसून होते. मग पुरुषांच्या दालनाचा दगड सरकवला आणि बदावी माझ्याकडे बघत उभा राहिला.

"कोण उतरणार?"

"म्हणजे?"

"घरातला एक पुरुष खाली लागतो. हाडं घरच्यानं उचलून माझ्या हातात द्यायची. परक्यानं आधी हात लावायचा नाही."

"मी उतरते."

"बायका पुरुषांच्या दालनात उतरत नाहीत, हानिम. माझ्या बापाच्या वेळेपासून कधी झालं नाही."

"मग शोध पुरुष. माझा एक आहे, माँट्रियलला. हाक मार, बघ ऐकतो का."

बाहेर यंत्र चालू होतं. शेजारचं आवार पाडत होते. बदावीनं यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपला डगला काढून पायऱ्यांवर अंथरला, माझे गुडघे घासू नयेत म्हणून. म्हणाला, "उतरा. पण आधी सलाम करा, आणि का हलवतोय ते सांगा. न सांगता हात लावला की दचकतात."

मी बसत बसत उतरले. आत थंड होतं, वाळू कोरडी. काका आणि आजोबा कोपऱ्यात, बाबा मध्ये. शेवटचे तेच. मी सलाम केला. म्हटलं, "बाबा, मी इनायत. इथून रस्ता जाणार आहे. दुसरीकडे जायचंय."

मग मला वाटलं, आता हे विचारणार. तेच, दरवेळचं. आणि तू विमानात बसलायस असं माझ्या अगदी ओठांवर आलं. या वेळी मी ते बोलले नाही. उचलत राहिले. हाडं फार हलकी असतात, रऊफ. ज्या माणसाची कूस बदलताना माझी पाठ मोडायची, तो मी एका हातानं वर दिला.

स्वतंत्र जागा मिळाली नाही. सामाईक तळघर, नंबर एकशे चौदा. पाचही गाठोडी आहेत, पण शेजारी इतर चाळीस. कारकून म्हणाला, "तात्पुरतं आहे, आजी." या देशात तात्पुरतं म्हणजे काय ते तू विसरला असलास तरी मी विसरलेले नाही.

संध्याकाळी बदावीनं त्याच्या बायकोनं भाजलेले शुरेक आणले, मृतांच्या नावानं वाटायचे गोड पाव. वाटायला कुणी नव्हतं. यंत्रावरच्या माणसांना दिले. भुकेले होते बिचारे, खाल्ले, आणि बाबांना दुवा दिली.

यानंतर मी लिहिणार नाही.

इनायत


कैरो, ४ मार्च २०२३

दालिया,

बाळ, तुझं पत्र मिळालं. हातानं लिहिलेलं. तुझं अक्षर थेट तुझ्या बापाचं आहे. पाकीट पाहून मला आधी वाटलं त्याचंच आलं.

तीनदा वाचलं. दोन वर्षांपासून त्याची आठवण अशी जात चालली आहे. टाइप केलेली पाच वाक्यं तू लिहिलीस. "बाबा नेहमी जे म्हणायचे तेच मी लिहिलं, आत्या, म्हणजे तुम्हाला ते बाबाच वाटतील." वाटले ना! मी त्या पाच वाक्यांशी महिनोन्महिने भांडले. आणि तुझ्या आईनं तुला सांगितलं, "इनायतला कळवायचं नाही. तिथे एकटी असते, दूरच्या माणसाला असं कळवून उपयोग काय?"

माजदावर मी रागावू शकत नाही. फार प्रयत्न केला. ती हे आपल्याच घरात शिकली आहे.

तू लिहितेस, वकिलातीतल्या माणसानं त्याला तीन प्रश्न विचारले. नाव बरोबर सांगितलं. साल एकोणीसशे नव्वद सांगितलं. आणि वडिलांचं विचारल्यावर म्हणाला, "खाली गाडीत बसलेत, जरा लवकर करा." त्या माणसानं फाइल बंद केली. त्यालाही दोष देता येत नाही. यादी संपत आली, आणि दोष द्यायला मीच उरते आहे.

माझं जानेवारीचं पत्र तू त्याला मोठ्यानं वाचून दाखवलंस. सगळं ऐकून घेतलं, असं लिहितेस. मग म्हणाला, "बिचारे. कुणाचे वडील होते हे?"

एकोणतीस वर्षं मी ते सांगायचं टाळत होते. आणि सांगितलं ते कुणाला? मी वर्गात मुलींना सांगायची, अपराध कबूल केला की निम्मा हलका होतो. त्या सगळ्या मुलींची मी क्षमा मागते.

तू विचारतेस, काय करू. तो सारखा तुझ्या आजोबांना फोन लावा म्हणतो. या हिवाळ्यात चारदा तुम्ही त्याला खरं सांगितलंत आणि चारही वेळा तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा कोसळला, आणि तासाभरानं पुन्हा फोन मागितला. शुक्रवारी माझ्याशी जोडून देऊ का, असं तू विचारतेस.

दे. इथल्या साडेचारला, तुमच्याकडे सकाळ असेल. पण मी खोटं बोलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. एकदा बोलले ते पुरे झालं. मी त्याला सावकाश, नीट सांगेन. मी मोठी बहीण आहे. माझ्याकडून ऐकलं तर कदाचित राहील.

तुझी आत्या


कैरो, ११ मार्च २०२३

रऊफ,

हे तुला कुणी वाचून दाखवेल की नाही, ठाऊक नाही. लिहायची सवय लागली आहे.

काल मी चार वाजल्यापासून फोनजवळ बसले होते. काळा झगा घातला होता, का ते विचारू नकोस. सांगायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, मदर क्लोतीलच्या शिस्तीत, तीन वाक्यं. बाबा गेले. अकरा जूनला गेले. ते तुझी वाट बघत होते आणि मी तुला कळवलं नाही.

साडेचारला वाजला.

"नुना?"

"हो रे."

"किती वेळ लावतेस उचलायला! इथे मिनिटाचे पैसे पडतात."

"चूक झाली. बोल."

"तिकडे उकडत असेल."

"उकडतंय."

"ऐक, वेळ नाही. बाबांना दे."

कागद माझ्या हातात होता. चष्मा डोळ्यांवर होता. दालियाचा श्वास ऐकू येत होता, ती दुसऱ्या फोनवर होती. मी पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. आणि तू म्हणालास, "काय झालं? बरे आहेत ना?"

तो आवाज अडतीस वर्षांच्या माणसाचा होता, रऊफ. चौऱ्याण्णव साली तू हे असंच विचारलं होतंस. तेव्हा माझं लक्ष नव्हतं, मी खोटं नीट बोलण्याच्या काळजीत होते. काल ऐकलं.

"बाबा झोपलेत," मी म्हटलं.

"अजून?"

"दुपारचे झोपलेत."

"उठवू नकोस मग. बरं, त्यांना एक निरोप दे. परीक्षा नऊ जुलैला आहे. दहाला मी विमानात बसतो. तिकीट काढून ठेवलंय, आईला सांगू नकोस, ती उगाच स्वयंपाकाला लागेल. फक्त बाबांना सांग."

तू तिकीट काढून ठेवलं होतंस. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"सांगशील ना?"

"सांगेन."

"विसरशील."

"नाही विसरणार."

"नक्की?"

"नक्की, रऊफ."

मग तू ठेवलास. दालियानं पुन्हा फोन केला आणि म्हणाली, तू खुशीत आहेस, न्याहारी मागितलीस, बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्लंस. पुढच्या शुक्रवारी पुन्हा जोडून देऊ का म्हणाली. मी हो म्हटलं.

बदावीला विचारून घेतलं आहे. एकशे चौदा नंबरकडे जाणारी बस चौकातून सकाळी सातला सुटते आणि शेवटचं थोडं वाळूतून चालावं लागतं. उद्या रविवार. गुडघे दुखताहेत, पण मी सांगेन म्हणाले आहे, तेव्हा जायला हवं.

नुना